तीन चाव्या आणि मी

मी बिटकॉइनची पाकिटं बनवतो. कातड्याची नव्हे हो, सॉफ्टवेअरची! त्यामुळे आमची जन्माची शिल्लक मी अशी बंदोबस्तात ठेवली होती की चोराने सात जन्म घेतले तरी दमडी हाती लागू नये. चाव्या तीन. एकेक चावी म्हणजे चोवीस शब्द, स्टीलच्या पट्टीवर ठोकलेले. कुठल्याही दोन पट्ट्या एकत्र आल्या तरच कुलूप उघडणार. एक माझ्याकडे, एक बायकोकडे, एक मावशीकडे. सोबत माझ्या हातची चार पानी सूचनावही!

परवा नव्या घराचा इसार भरायचा होता. चारच्या आत, नाहीतर घर दुसऱ्याला.

"काढा तुमची पट्टी," सकाळी बायको म्हणाली.

ती मी जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात आतून चिकटवली होती. आणि तो डबा गेल्या महिन्यात भंगारात कोणी विकला? मीच! तोही घासाघीस करून!

"हरकत नाही," मी ऐटीत म्हणालो. "म्हणून तर तीन ठेवल्यात! तुझी दे, मावशीची घेऊन येतो."

"एक भंगारात घातलीत तेवढी पुरे. आधी मावशींची आणा, मग बघू."

मावशीने तीस वर्षं तुरुंगात काढली आहेत. नोकरीत हो! बराकीच्या चाव्या तिच्याकडे असत. दाराची साखळी न काढताच तिने मला न्याहाळलं.

"मावशी, ती पट्टी दे गं. घाई आहे."

मावशीने चष्मा लावून सूचनावहीतलं पहिलं कलम काढलं. "'मी स्वतः मागायला आलो तरी देऊ नये. घाईत असलो तर मुळीच देऊ नये. कोणी धमकावून पाठवलंय असं समजावं.' अक्षर तुझंच ना रे?"

"अगं, मला कोणीही धमकावलेलं नाही!"

"'धमकावलेलं नाही असं मी म्हणेन,'" तिने पुढची ओळ वाचली.

मी हात जोडले. मावशीने पान उलटलं. "'गयावया केली तर पोलिसांना बोलवावं.'"

आणि बोलावले की हो!

"कोणाच्या दबावाखाली आहात? न घाबरता सांगा," चौकीतले साहेब मायेने म्हणाले. मी त्यांना तीन पट्ट्या आणि चोवीस शब्द समजावून सांगितले. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि पंखा वाढवला. समोरच्या घड्याळात चार वाजले. मला खरंच रडू आलं.

साडेचारला बायको आणि मावशी आल्या.

"गेलं ना घर?" मी विचारलं.

"जातंय कशाला? भरला इसार." बायकोने पावती दाखवली.

"माझ्याशिवाय?"

"कुठल्याही दोन पट्ट्या चालतात असं तुम्हीच लिहिलंय. मावशींचा फोन आला, तशी मी माझी घेऊन गेले."

"मावशी! हिला बरी दिलीस!"

"वहीत तुला देऊ नये असं आहे. सुनेबद्दल अक्षर नाही!"

सॉफ्टवेअर कुठेही अडलं नाही म्हणे. हे ऐकून आनंद मानावा की तोंड लपवावं, मला कळेना.

आता हरवलेल्या चावीच्या जागी नवी केली आहे. ती सासूबाईंकडे असते. सूचनावहीत मात्र माझं पहिलं कलम तिघींनी आवर्जून जसंच्या तसं ठेवलंय.