शेणखतास पालखीचा मान कैसा मिळाला त्याची हकीगत

जिचे अवघे खातात आणि जिला खाऊ घालावयाचे कोणासही स्मरत नाही, त्या भूमातेस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे तीन, दुर्मतिनाम संवत्सरी, कोणे एके राज्यी महाराज भरल्या वांग्याचे थोर भोक्ते होते, आणि सरकारी वांगेबागेचा कारभार भिकोपंतांकडे, आणि त्याबद्दल पंतांस पालखीचा मान होता. पालखी पंतांस जिवाहून प्यारी. शेजारच्या आळीत जावयाचे तरी पालखीतूनच जात. मग खतकारखान्याचा वकील पांढऱ्या दाण्यांच्या गोणी घेऊन आला आणि बोलिला, "पंत, मूठभर फेकावे आणि चमत्कार पाहावा. शेणात हात कोण घालतो आता?" पंतांस शेणाचा वास मुळीच सोसत नसे. तत्काळ हुकूम फर्माविला की शहरात शेण आणील तो दंडास पात्र, आणि उकिरडे बुजविले, आणि बागेत दाणे टाकविले. वांगी कोहळ्याएवढी जाहली! महाराज संतोषले, पंतांस शालजोडी दिधली. सटवाजी माळी तेवढा म्हणाला, "पंत, दाणे टाका, नको कोण म्हणतो? पण जोडीला शेणखत असू द्या. नुसत्या मिठावर कोणी जेवतो का?" पंत म्हणाले, "तू आपली झारी सांभाळ." केवढी ती विद्वत्ता!

पुढे तिसरे वर्षी जमीन दगड जाहली आणि गांडूळ औषधालाही उरले नाही. पंतांनी मोठा विचार करून दाणे दुप्पट टाकविले, आणि झाडे करपली. महाराजांनी ताट लोटून विचारिले, "पंत, हे वांगे की भिजली चिंधी? पुढल्या हंगामी ऐसेच आले तर पालखी काढून घेऊ." पंत घरी येऊन विचार करू लागले. आता शेण आणावे तर हुकूम आपलाच, आणि हुकूम फिरवावा तर अब्रू जाते! मग पंतांनी युक्ती लढविली. वेशीबाहेर कुजलेले शेणखत पालखीत भरविले, आणि पडदे सोडविले, आणि आपण आडवाटेने पायी बागेत येऊ लागले. वेशीवरचे पहारेकरी पालखीस मुजरा करीत आणि नाक दाबून आपसांत म्हणत, "पंतांची प्रकृती अलीकडे बरी दिसत नाही बुवा."

हंगामभर ऐसे चालिले. जमीन भुसभुशीत जाहली, सटवाजीने बेताने दाणेही दिले, आणि वांगे ऐसे उतरले की महाराज बोटे चाटीत स्वतः बागेत आले. तो समोरून पालखी आली. महाराजांनी कौतुकाने स्वहस्ते पडदा सारिला! पंत धापा टाकीत पोचले, पाहतात तो हा प्रकार. त्यांनी मटकन खाली बसून पाय धरिले. महाराज नाक धरून पोटभर हसले आणि बोलिले, "पंत, या पालखीतून आजवर पुष्कळ मानकरी उतरले, पण राज्याच्या कामी आले ते हेच पहिले."

येणेप्रमाणे शेणबंदीचा हुकूम रद्द जाहला, दाण्यांस चिमटीपुरती जागा राहिली, आणि पालखीचा मान शेणखताकडे वंशपरंपरा कायम जाहला. पंतांची चाकरीही राहिली. ते पालखीपुढे पायी चालतात आणि खड्या आवाजात ललकारी देतात, "बाजूला व्हा, स्वारी येत आहे!"