शंभर किलोमीटर झाले की ये

गुनिलाचा फोन आला तेव्हा टोर्स्टेन बटाटे सोलत होता. घटस्फोटाला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी तिचा फोन आला की तो आधी हात पुसायचा, मग केस सारखे करायचा आणि मगच फोन उचलायचा. (केस फारसे उरले नव्हते, त्यामुळे वेळ जात नसे.)

"टोर्स्टेन, ते बर्फातले हिवाळी टायर पार गुळगुळीत झालेत," ती म्हणाली. "नवे घ्यावे लागणार. पण दुकानातला म्हणतो, चाकांचा वेगळा संच हवाय कशाला? रिम त्याच ठेवा, आम्ही वरचे टायर तेवढे बदलून देत जाऊ. उरलेले आमच्याच गोदामात राहतील. वर्षातून दोनदा जायचं, खुर्चीवर बसून मासिक चाळायचं, झालं. तुला काय वाटतं?"

टोर्स्टेनला ही कल्पना मुळीच आवडली नाही.

त्याचं कारण असं. घर विकलं तेव्हा गाडी गुनिलाच्या वाट्याला गेली. पण तिच्या नव्या फ्लॅटला तळघर नव्हतं, म्हणून जास्तीची चाकं टोर्स्टेनच्या तळघरात राहिली. उन्हाळ्यात हिवाळी, हिवाळ्यात उन्हाळी. त्यामुळे ऑक्टोबरात आणि एप्रिलात तिला त्याच्या अंगणात गाडी आणावीच लागे. तो चाकं बदलायचा, मग दोघं कॉफी प्यायची आणि तो स्वतः भाजलेले दालचिनीचे बन पुढे ठेवायचा. (लग्नाच्या तीस वर्षांत त्याने ओव्हनचं दारही उघडलं नव्हतं. बन तो घटस्फोटानंतर शिकला.) आणि ती निघाली की खिडकीशी वाकून सांगायचा, "शंभर किलोमीटर झाले की ये. नट पुन्हा आवळायला लागतात."

ही सूचना अगदी शास्त्रशुद्ध होती, गाडीच्या पुस्तकातही छापलेली होती. तिच्यामुळे दोनाच्या चार कॉफ्या झाल्या होत्या. त्या चार कॉफ्यांवर टोर्स्टेन वर्ष काढत असे. माणसं याहून कमी आशेवरही जगतात. पण इतक्या कॉफ्या झाल्या, तरी घर खायला उठतं आणि तुझी आठवण येते, एवढं साधं वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"चूक आहे ते," तो घसा साफ करून म्हणाला. "सारखी काढघाल केली की टायरच्या कडा फाटतात. शिवाय आपल्याकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. चांगल्या रिम त्यात घालायच्या म्हणजे..."

"म्हणजे चाकं तुझ्याकडेच राहू द्यावीत, असं म्हणतोस?"

एखाद्याने इथे संधी साधली असती.

"रिमच्या दृष्टीने, हो," टोर्स्टेन म्हणाला.

"रिमच्या दृष्टीने."

"आणि टायरच्याही."

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी येते."

टोर्स्टेनला वाटलं, जिंकलो. आता तिच्या मनात पुन्हा शंकाच नको, म्हणून त्याने तिला न विचारता तिच्या हिवाळी रिमवर नवेकोरे, बर्फात पकड घेणारे खिळ्यांचे टायर चढवून घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडे गाडी नव्हती. त्याने एकेक चाक सायकलमागे जोडलेल्या हातगाडीला बांधून दुकानात नेलं आणि एकेक करून परत आणलं. सगळ्या फालुन गावाने हा सोहळा पाहिला. घरी आल्यावर त्याने रिम दात घासायच्या ब्रशने घासल्या. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, पण मनातून स्वारी खूश होती.

शनिवारी गाडी अंगणात शिरली. चालवणाऱ्याच्या जागी एक भलामोठा दाढीवाला इसम होता आणि शेजारच्या सीटवर गुनिला, पर्स मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखी बसली होती.

"हा हेनिंग," ती म्हणाली.

टोर्स्टेनने तेलकट हातमोज्यानेच हस्तांदोलन केलं (मुद्दाम) आणि मुकाट्याने जॅक लावला. एक चाक निघालं, दुसरं चढलं. हेनिंग शेजारी उकिडवा बसून सगळं निरखत होता.

"झकास टायर आहेत," हेनिंग म्हणाला. "गुनिला, हे किमतीत धरलेत ना? नाहीतर गाडी घरी नेल्यावर म्हणशील, चाकांचे वेगळे दे."

टोर्स्टेनचा पाना थांबला. "तू गाडी विकत घेतोयस?"

"घेतली पण. काल."

म्हणजे हे नुसतं गिऱ्हाईक होतं तर. टोर्स्टेनचा जीव भांड्यात पडला. आनंदाने त्याने एक नट जरा जास्तच आवळला. "मग तू कुठली घेणार, गुनिला?"

"मला नाही लागणार. पार दक्षिणेला, माल्मोला चाललेय, आनेलीकडे. तिला बाळ होणार ते तुला माहीतच आहे." आनेली म्हणजे त्यांची मुलगी. "फ्लॅटला गिऱ्हाईक कधीचं मागे लागलं होतं. तुला फोन केला ना, त्यानंतर त्याला हो म्हणून टाकलं."

"कायमची?"

"तिकडे बर्फ फारसा पडतही नाही," ती म्हणाली. म्हणजे कायमची.

हेनिंग तोवर गाडीत डोकं घालून किलोमीटरचे आकडे वाचत होता. "घर सोडून कुठे नेली नव्हती म्हणतेस, आणि गाडी चाललीय तर बरीच की."

"रुन तळ्याभोवती," गुनिला म्हणाली. "मी तर इथून दहा मिनिटांवर राहते. शंभर किलोमीटर व्हायचे कसे? तळ्याची फेरी पन्नासाची, मग दोन फेऱ्या मारायच्या. थर्मास न्यायचा बरोबर. शंभर झाल्याशिवाय यायचं नाही, असं यानेच सांगितलं होतं ना."

टोर्स्टेन खाली बसला. स्टूल तिथे नव्हतं, म्हणून जमिनीवर बसला. आपण इथे बन भाजत वाट पाहत होतो तेव्हा ही बाई एकटी तळ्याभोवती चकरा मारत होती, हे त्याला सोसवेना.

"फोनवर मी मनाशी ठरवलं होतं," ती हळूच म्हणाली. "राहू दे चाकं, तू आपली येत जा, एवढं म्हणालास तर नाही जायचं."

"मी तेच म्हणालो की."

"तू रिमचं बोललास, टोर्स्टेन."

"गुनिला, नको जाऊस."

वरातीमागून घोडं आलं ते असं, हातात पाना घेऊन. गुनिला रागावली नाही. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याच्या गालावरचं तेल पुसलं आणि म्हणाली, "तिकीट काढलंय रे आता."

कॉफी झाली. तिने एकच बन घेतला, बाकीचे हेनिंगने संपवले. निघताना टोर्स्टेन सवयीने खिडकीशी वाकला. दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाला, "शंभर किलोमीटर झाले की ये. नट आवळायला."

गुनिलाने मान दुसरीकडे वळवली.

शंभर किलोमीटर झाले, आणि हेनिंग आला. शब्दाचा पक्का माणूस. टोर्स्टेनने नट तपासले. एकही हलला नव्हता. मग हेनिंग आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"आणि ती उन्हाळी चाकं तुझ्याकडेच राहू देत," तो म्हणाला. "गुनिलाने बजावलंय, टायर काढघाल करायचे नाहीत, रिमला वाईट. मी आपला ऑक्टोबरात आणि एप्रिलात येत जाईन."

म्हणजे वाद टोर्स्टेन जिंकला होता.

"आणखी काय म्हणाली ती?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं.

हेनिंगने बनचा तुकडा मोडला. त्याला दोन्ही हात लावावे लागले.

"म्हणाली, बन दगडासारखे असतात. पण बोलायचं नाही. कॉफीत बुडवायचे आणि खायचे, तिने दोन वर्षं तसेच खाल्ले."