एवर्टनं विरजण कसं बुडवलं

तुम्ही कधी स्वतःच्याच घरात चोरून दूध प्यायला आहात का? एवर्ट प्यायला. वय वर्षं सदुसष्ट, आणि दूधही गाईचं नाही, ओटचं.

त्याचं असं झालं. हिवाळा संपता संपता एवर्टचं पोट बिनसलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगून टाकलं, "गाईचं दूध बंद. ओट धान्याचं प्या, सगळ्या दुकानांत मिळतं." दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन पुडा घेऊन आला असता. पण एवर्टनं एकतीस वर्षं डेअरीचा टँकर चालवला होता. व्हेस्टरबॉटन प्रांताच्या त्या टापूत त्याचा टँकर जिथे उभा राहिला नाही असा गोठा नव्हता. निवृत्त झाला तेव्हा डेअरीनं त्याला गाईचं चित्र असलेली चिनीमातीची थाळी दिली होती. (ओट म्हणजे घोड्यांचा खुराक, म्हणून ओटचं दूध पिणाऱ्यांना तो 'घोडे' म्हणायचा. तेही भर दुकानात, मोठ्यानं.)

मग त्यानं एक युक्ती काढली. पुडे शेजारच्या गावातून आणायचे, घरी कुणी नसताना एका इनॅमलच्या किटलीत ओतायचे आणि ती किटली फ्रीजच्या खालच्या फळीवर, हेरिंग माशांच्या बरण्यांमागे लपवायची. आठ दिवस छान गेले. पोट शांत झालं. कॉफीत तर ते गाईच्या दुधापेक्षा बरं लागायचं, पण हे त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

शुक्रवारी जेवताना त्याची बायको यॉर्डिस कौतुकानं म्हणाली, "गुणाचा आहेस हं! मला वाटलं दूध संपलं, तर तू खाली किटली भरून ठेवलेली."

एवर्टचा घास तोंडातच राहिला. "कुठली किटली?"

"हेरिंगमागची. उद्या आईचा नव्वदावा वाढदिवस ना? दुपारीच दह्याचे पाच वाडगे लावून टाकले. दूध मात्र काय दाट रे! कोमट करताना खीरच व्हायला लागली."

"विरजण... थोडं बाजूला ठेवलंस ना?"

"पाच वाडग्यांना पुरायला नको? होतं नव्हतं ते सगळं घातलं. उद्या त्यातूनच काढून ठेवीन."

हे विरजण साधंसुधं नव्हतं. यॉर्डिसच्या आईच्या आजीपासून चालत आलेलं. त्याचं दही असं लागायचं, की चमचा वर उचलला तर हातभर तार निघायची. लग्नात यॉर्डिसनं माहेराहून दोनच गोष्टी आणल्या होत्या, शिवणयंत्र आणि हे विरजण. शिवणयंत्र कधीच मोडलं होतं.

खरं बोलायची हीच वेळ होती. एवर्टनं धीर केला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "बटाटे छान शिजलेत."

शनिवारी सकाळी यॉर्डिसनं पहिल्या वाडग्यावरचं झाकण काढलं. वर करडं पाणी, खाली भिंतीला कागद चिकटवायची खळ. दुसरा वाडगा तसाच. पाचही तसेच. ती मटकन खुर्चीत बसली.

"मेलं रे! इतक्या बायकांनी जपलेलं, आणि माझ्या हातून मेलं!"

एवर्टला ते 'माझ्या हातून' काही सहन होईना. "तुझ्या हातून नाही गं. ते दूध नव्हतं. ओटचं होतं."

"कुणाचं?"

"माझं."

यॉर्डिस त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्यानं दुसरं लग्न केल्याचं सांगितलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ."

"आणि मी तुला गुणाचा म्हणाले!" असं म्हणून ती रडणार, तोच ताडकन उठली. "थांब! आईचं फडकं!"

जुन्या बायका तागाचं फडकं विरजणात बुडवून वाळवून ठेवत. विरजण गेलंच तर फडकं कोमट दुधात भिजवायचं, की ते पुन्हा जिवंत होतं. यॉर्डिसनं ड्रॉवर उघडला. ड्रॉवर रिकामा.

"एवर्ट, इथलं फडकं कुठाय?"

"कुठलं? ते कडक झालेलं, पिवळं?"

"हो, तेच."

"ओटचं दूध सांडलं ना गुरुवारी, त्यानं पुसलं. पण काळजी करू नकोस," एवर्ट घाईघाईनं म्हणाला, "लगेच मशीनला लावलं. साठ अंशांवर. दुप्पट पावडर घालून."

फडकं दोरीवर होतं. बर्फासारखं पांढरं.

अकरा वाजता सासूबाई आल्या. तेक्ला त्यांचं नाव. केक, कॉफी, क्लाउडबेरीचा मुरांबा, कशाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "दही आण." यॉर्डिसनं वाडगा ठेवला. तेक्लांनी चमचा बुडवला, वर उचलला. तार नाही. एक थेंब टप्पकन खाली पडला.

त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. एवर्टनं उभं राहून सगळं सांगितलं, पोटापासून फडक्यापर्यंत.

"जावईबुवा," तेक्ला म्हणाल्या, "माझ्या आजीनं ते विरजण दुष्काळात जगवलं. घरात मूठभर पीठ नव्हतं, तरी विरजणाला दूध होतं. आणि तुम्ही ते धुवून वाळत घातलंत?"

एवर्ट बुटांकडे बघत होता. (बूट नव्हते. घरात मोजेच.)

"सिग्नेकडे असेल," तेक्ला पुढे म्हणाल्या. "तिच्या लग्नात मीच दिलंय."

सिग्ने म्हणजे ऐंशी गाईंची मालकीण! तिच्या ओट्यावर बसून ताजं दूध घटाघटा पीत एवर्टनं एकतीस वर्षं ओटवाल्यांना आणि बाकी सगळ्या जगाला नावं ठेवली होती.

"मी फोन करते तिला," यॉर्डिस म्हणाली.

"तू नाही. तो जाईल. आणि कशासाठी हवंय ते स्वतःच्या तोंडानं सांगेल."

"सगळं सांगू?" एवर्टनं विचारलं.

"ओटासकट."

"अहो आई, उद्या रविवार! चर्चनंतरच्या कॉफीला ती सगळ्या गावाला सांगेल!"

"मग चर्चच्या आधी जा. म्हणजे तिला ताजं सांगता येईल," तेक्ला म्हणाल्या आणि त्यांनी केक जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नेनं पोट धरधरून हसत एवर्टच्या बरणीत चार चमचे विरजण घातलं, आणि घरी यॉर्डिसनं ते गाईच्या दुधाला लावून होईपर्यंत एवर्टला बाहेर बर्फात उभं ठेवलं.