चार इंची बैल

सन १९३४च्या पोळ्याला पाचोऱ्याजवळच्या एका गावी बैल रंगवण्यात चाललेली अनागोंदी थांबवण्याचा ठराव पास झाला. धुळ्याला ड्रॉइंगची परीक्षा पास झालेले पंडित मास्तर वृषभ-रेखांकन समितीचे अध्यक्ष झाले. बैलाच्या अंगावरचे सर्व गोल चार इंची हवेत, सर्व मध्यबिंदू एका रेषेत हवेत. ज्याची आकृती निर्दोष, त्याचा बैल वेशीच्या तोरणाखालून पहिला जाईल.

जीवरामभाऊंच्या तोंडाला पाणी सुटलं. हा मान त्यांच्या घराण्याने कधी पाहिला नव्हता. नथ्थू पाटलाच्या बैलामागे धूळ खाण्यात तीन पिढ्या गेल्या होत्या. आजवर त्यांची बायको बेबाबाई वाटीची कड गेरूत बुडवून हसत हसत ठसे मारी. बैल हलेल तिकडे गोल पडे, एखादा शिंगावरही चढे. यंदा भाऊंनी स्वतः फूटपट्टी हाती घेतली आणि बायकोला गोठ्यात यायची मनाई केली.

अडचण बैलाची होती. तो श्वास घेई, आणि श्वास घेतला की गोलाचं अंडं होई. भाऊंनी समितीकडे अर्ज केला. मास्तरांनी बैलाभोवती दोन फेऱ्या मारून निर्णय दिला, की बैलाचा आणि आकृतीचा काही संबंध नाही. बैल ही केवळ पार्श्वभूमी आहे, आणि पार्श्वभूमीने परीक्षण होईपर्यंत पोट फुगवू नये. शेपूट ही अनधिकृत रेषा असल्याने ती बांधून ठेवावी. माश्यांबाबत स्वतंत्र परिपत्रक निघेल.

म्हणून खापरावरच्या पुरणपोळ्या झाकून ठेवल्या गेल्या. दुपार टळली तरी बैल उपाशीच. भाऊंना त्याच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून ते गोलांकडे बघत राहिले.

बेबाबाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, “आज त्याना सन शे. पहिले त्याले खावाले द्या.”

“पोट फुगनं तं गोल बिघडतीन,” भाऊ म्हणाले.

परीक्षणात नथ्थू पाटलाचा बैल शिंकला आणि बाद झाला. दुसऱ्या एकाने ऐन वेळी कातडी थरथरवली. त्याच्या वर्तुळांची चौकशी लागली. भाऊंचा बैल मात्र भुकेने इतका निश्चल उभा होता की मास्तरांना गहिवरून आलं. ‘हा बैल नव्हे, कागद आहे,’ असा शेरा मारून त्यांनी पहिला मान जाहीर केला.

वाजंत्री वाजू लागली. बैल वेशीत आला, त्याने मान वर केली आणि आंब्याच्या पानांचं तोरण दोरीसकट खाऊन टाकलं.

तोरणच नाही, तर तोरणाखालून जायचं कसं? समितीची तातडीची सभा वेशीतच भरली. तेवढ्यात बेबाबाईने पोळ्यांची टोपली आणून बैलापुढे रिकामी केली. पोट फुगू लागलं, गोलांची अंडी झाली, अंड्यांचे भोपळे झाले, आणि त्यांच्या मधोमध तिने गेरूने माखलेला आपला पंजा उमटवला. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. हसू भाऊंनाही आवरत नव्हतं, पण ते सभेत होते.

पुढल्या वर्षीपासून बैल भिंतीवर काढावा व खरे बैल घरी ठेवावेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. भाऊंनीही हात वर केला आणि कोपरात काटकोन झालाय का, ते चोरून पाहिलं.

हसा, वाचकहो. गोल चार इंची होते, हे तुम्हाला आता पाठ झालंय. पाटलाचा बैल शिंकला, तेही लक्षात आहे. भाऊंच्या बैलाचं नाव काय, हे विचारावंसं मात्र तुम्हालाही वाटलं नाही.