मळक्या टाचांचा देखावा

सॅम्युएल गायकवाड माणसाचा चेहरा बघत नाही, पाय बघतो. डिसेंबरच्या उन्हाळ्यात वेलिंग्टनशेजारचं आमचं अख्खं लोअर हट जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरतं आणि हा स्टेशनबाहेर लोकांच्या टाचा न्याहाळत उभा! एकदा एका धिप्पाड प्लंबरच्या मागे चार गल्ल्या चालत गेला. परत येऊन मला म्हणाला, "काय टाच होती जोश्या! नुसती इटली!"

पेशाने फार्मासिस्ट, मूळचा नगरकडचा. वेड बरोक चित्रांचं, त्यातही येशूजन्माच्या. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इटालियन चित्रकारांनी गोठ्यात मिट्ट काळोख केला, उजेड थेट बाळातून काढला आणि सगळ्यात पुढे गुडघे टेकलेले मेंढपाळ बसवले, मळक्या टाचा बघणाऱ्याच्या नाकासमोर. दर नाताळात सॅम्युएल हे चित्र गॅरेजमध्ये जिवंत माणसांचं उभं करतो. गवतात लपवलेला बल्ब, मरिया म्हणजे त्याची बायको रूथवहिनी आणि मेंढपाळ म्हणजे आम्ही पुण्याचे चार आयटीवाले. आमची पोटं बघून मेंढ्यांनीच आम्हाला राखलं असतं.

"जोश्या, चष्मा काढ! सतराव्या शतकात आहेस तू."

"अरे, पडेन मी."

"पड. पण टाच दिसू दे."

२०१६ साली पाळण्यात त्याची खरीखुरी तीन महिन्यांची लेक होती आणि नगरहून त्याचे वडील आले होते. "यंदा पुढची जागा आबांची," त्याने बजावलं. "ते तिथं बसले नाहीत, तर माझा नाताळ झालाच नाही समजा."

आम्हाला त्याने अर्धा तास बटाट्याच्या वाफ्यात चिखल तुडवायला लावलं आणि बल्ब जोडायला आत गेला. बाहेर नळ दिसला. देवापुढे जायचं म्हटल्यावर हातपाय आपसूक नळाकडे वळतात. कुलकर्णीने तर साबणही मागवला. चौघं लख्ख गुलाबी पावलांनी आत शिरलो.

सॅम्युएल असा किंचाळला, की वेलिंग्टनच्या बंदरातल्या दोन बोटी माघारी फिरल्या म्हणतात. "पाय धुतले? पंगतीला आलात काय रे?"

तेवढ्यात आबा दाराशी आले. सकाळपासून वाफ्यात बटाटे काढत होते. घोट्यापर्यंत चिखल, टाचांना ह्या एवढाल्या भेगा! आम्हाला बघून तिथेच थबकले.

"म्या हितंच ऱ्हातो. पाय खराब हायेत."

सॅम्युएलचा आवाज एकदम खाली आला. "शेतातून सरळ चर्चला यायचे," तो मला म्हणाला. "पाय असे, म्हणून जन्मभर दाराशी उभे. कुणी हाकललं नाही रे. कुणी पुढंही बोलावलं नाही."

तो दाराशी गेला, वडिलांचा हात धरला. "आबा, हितं असंच पाय लागतात. ह्या पुणेकरांकडं न्हाईत."

आम्ही चौघं मागे सरकलो. आबा गवतावर गुडघे टेकून बसले. पाळण्यावर वाकले.

मग हळूच म्हणाले, "सॅम्या, हितनं लई जवळ दिसतंय रं."