तात्यांचं माप

एकाहत्तर सालच्या चैत्रात पुणतांब्याच्या तात्यांनी स्वतःच्याच पेट्रोलच्या ट्रॅक्टरविरुद्ध निकाल दिला. हा ट्रॅक्टर त्यांनी चौदा वर्षं दुसऱ्या कुणाला चालवू दिला नव्हता.

आम्ही त्यांचे शेजारी. रस्त्याने जाणारा कुणाचाही ट्रॅक्टर तात्या थांबवत, टाकीत खाचा पाडलेली बांबूची कामटी बुडवत आणि सांगत, "अजून दीड एकर. मंग बंद पडशील." माणूस हसून जाई. ट्रॅक्टर दीड एकरावर बंद पडे. कुणी 'अंदाजे' म्हटलं की तात्या उसळत. "अंदाज पावसाचा करावा. हितं माप सांग!"

धाकटे बंधू नामदेव यांनी डिझेलचा ट्रॅक्टर आणला. घरात दोन ठेवायचे नव्हते. जो कमी पिईल तो राहील, हे तात्यांनीच ठरवलं.

एकाच रानातला एकेक एकर, तोच नांगर, तीच खोली. आधी टाक्या काठोकाठ भरायच्या होत्या. ट्रॅक्टर सपाट उभा आहे ना, हे पाहायला तात्यांनी बॉनेटवर पाण्याची परात ठेवली. पाणी किंचित कललं, म्हणून चाकाखाली दोनदा माती भरली.

"तात्या, नांगरट हाय का सत्यनारायण?" नामदेव म्हणाले.

"गप. पानी खोटं बोलत न्हाई."

नांगरट संपल्यावर टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या. डिझेल सात मापं लागलं. पेट्रोल दहा मापं आणि वर थोडं. ते थोडंही तात्यांनी चमच्याने मोजलं आणि मोठ्याने सांगितलं. आठवड्यात काष्टीचा एक शेतकरी पेट्रोलचा ट्रॅक्टर घेऊन गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी तात्यांच्या ताटात गार भाकरी आली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, यांची नजर अधू होती. ओढ्याच्या वळणावर पेट्रोलच्या ट्रॅक्टरचा वेगळा आवाज आला की त्या तव्यावर भाकरी टाकत.

"गावात समदी डिझेलंच," काकू म्हणाल्या. "तीनदा तवा ठिवला, तिन्ही येळा परकाच निघाला. तुमी कोन्ते, मला कसं कळायचं?"

तात्या गार भाकरी खाऊन उठले.

दुसऱ्या दिवसापासून ते ओढ्यावर इंजिन बंद करू लागले. सीटवर उभं राहून बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा वाजवत. घरावर धूर दिसला की इंजिन परत चालू करत.

असं थांबून इंजिन परत चालू करण्यात रोज किती डिझेल जातं, असं मी एकदा विचारलं. कामटी त्यांच्या हातातच होती.

"अंदाजे," तात्या म्हणाले, "थेंबभर."