वहाणांवरून ग्रंथशिफारस

माणसाला कोणतं पुस्तक हवं आहे हे त्या माणसाला सोडून बाकी सर्वांना कळतं. जगातली सगळी सार्वजनिक वाचनालयं याच सत्यावर उभी आहेत. आमचं सोलापूरचं लोकोन्नती वाचनमंदिर या सत्यावर आणि शहाबादी फरशीवर उभं होतं.

मंदिरात एक ग्रंथशिफारस मंडळ होतं. सभासद सात. (मी सातवा. माझं काम अनुमोदन देण्याचं.) मंडळाची पद्धत अशी: वाचकानं आपला धंदा सांगायचा, मंडळानं त्या धंद्याला शोभेल असं पुस्तक द्यायचं. गिरणीकामगाराला दारूचे दुष्परिणाम, विधवेला वैराग्य, धनगराला मेंढ्यांचे रोग आणि वकिलाला सत्याचा महिमा. शिफारस निःपक्षपाती राहावी म्हणून मंडळातल्या कोणीही ही पुस्तकं वाचलेली नव्हती. आमचे चिटणीस आण्णासाहेब कडबगावकर नेहमी म्हणत, की वाचल्यानं पुस्तकाविषयी मन कलुषित होतं. तेवीस वर्षांच्या चिटणीसगिरीत त्यांनी आपलं मन धुतल्या तांदळासारखं ठेवलं होतं.

१९३१ सालचा अहवाल माझ्यासमोर आहे. शिफारसी ४१२, पैकी मानल्या गेलेल्या ३. एक अध्यक्षांच्या सासऱ्यांनी मानली. दुसरं पुस्तक एकानं छत्री समजून नेलं. तिसरं नातेपुत्याकडच्या तात्याबा धनगरानं नेलं आणि त्याच्या मेंढीनं ते खाल्लं. त्या वर्षी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवल्याची हीच एक नोंद आहे.

लोकशिक्षणाकडेही आमचं दुर्लक्ष नव्हतं. दरमहा 'वाचनाचे फायदे' या विषयावर व्याख्यान होई. सरासरी उपस्थिती नऊ : मंडळाचे सात, वक्ते एक आणि सावलीला आलेले गृहस्थ एक. (मे महिन्यात सावलीला आलेले दोन.)

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना १९३२ साली एक अनिष्ट प्रकार सुरू झाला. लोक पुस्तकं नेऊ लागले. दिवसाला नऊ जात होती, ती एकशेचाळीस जाऊ लागली. कपाटांत भोकं दिसू लागली. पुस्तकांवरची धूळ, जी आम्ही वर्षानुवर्षं जपली होती, ती चार महिन्यांत नाहीशी झाली. चौकशी केली तेव्हा प्रत्येक वाचकानं एकच नाव सांगितलं : चंद्रव्वा.

चंद्रव्वा म्हणजे दाराबाहेर कडुलिंबाखाली वहाणा सांभाळणारी बाई. आत सरस्वतीची तसबीर असल्यामुळे पादत्राणं बाहेर ठेवावी लागत. बाई अक्कलकोटाकडची, साठीची, अक्षरशत्रू. ही बाई शिफारस करते आणि ती लोक मानतात! मंडळानं ताबडतोब तिघांची उपसमिती नेमली. उपसमितीनं तीन दिवस खिडकीच्या काचेआडून निरीक्षण केलं. (काच बंद होती. बाहेर झळा होत्या.) उपसमितीला असं दिसलं, की वाचक येतो, वहाणा काढतो, चंद्रव्वा त्या वहाणा हातात घेऊन निरखते, मग तिचे ओठ हलतात, आणि वाचक आत येऊन नेमकं आवडेल तेच पुस्तक मागतो. निष्कर्ष उघड होता. ज्ञान वहाणांत होतं.

खरा प्रकार शेंग सोलण्याइतका सोपा होता. पुस्तक परत करून बाहेर आलेल्या माणसाला चंद्रव्वा वहाणा देत नसे. "गोष्ट सांगा की. मग पायताण." तो गोष्ट सांगे, ती ऐके, मध्येच "थांबा, त्या सासूचं काय झालं?" म्हणून अडवे. असं तिनं सबंध मंदिर ऐकून काढलं होतं. मग नव्या माणसाला सांगे, "लई रडू नगं असंल तर त्ये उंदरानं कोपरा खाल्लेलं न्या. हिरव्या पुठ्ठ्याचं नगा नेऊ, त्यात निस्ता उपदेस हाय."

गिरणीच्या विणकाम खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, सिद्धाप्पा आठवड्याला तीन पुस्तकं वाचणारा. त्यानं सभेत येऊन हे सगळं सांगितलं. "साहेब, ती वहाणा बघत न्हाई. ती इचारते. तुमीबी इचारा की कवातरी." आण्णासाहेबांनी त्याचे आभार मानले आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही, हे त्याच्या नजरेस आणून दिलं.

मग ठराव झाले. एक : पादत्राणपरीक्षेचा तक्ता छापून लावावा. (टाच झिजलेली : ऐतिहासिक. अंगठा तुटलेला : करुणरस. नाल ठोकलेली : वेदान्त. दुसऱ्याची घालून आलेला : नाटक.) दोन : परीक्षेसाठी मॅट्रिक झालेला परीक्षक नेमावा. तीन : चंद्रव्वाला तीस एप्रिलपासून रजा द्यावी, कायमची. मी अनुमोदन दिलं. माझं कामच ते.

चंद्रव्वाला ठराव कळवला, तेव्हा तिनं एकच विचारलं, "मग राजकन्येचं वो?"

हे राजकन्या प्रकरण सांगायला हवं. तांबड्या पुठ्ठ्याची तीन भागांची एक कादंबरी होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी दुष्ट दिवाण राजकन्येला विहिरीत ढकलतो. तिसरा भाग दोन वर्षं कपाटात नव्हता. दोन वर्षं चंद्रव्वा दिसेल त्याला विचारत होती, राजकन्या निघाली का बुडाली? आता लिंबाखालून उठली, की तिला ते सांगणारं जन्मात कोणी भेटणार नव्हतं. सिद्धाप्पानं नोंदवही चाळली. तिसरा भाग कोणाकडे होता? आण्णासाहेबांकडे.

तीस एप्रिल, दुपारचा एक. आण्णासाहेब सभा आटोपून बाहेर आले. "वहाणा दे."

"तिसरा भाग तुमी नेलाय न्हवं? गोष्ट सांगा की."

"चंद्रव्वा, मी चिटणीस आहे!"

"व्हय की. मग चिटणिसावानी सांगा. निघाली का बुडाली?"

आण्णासाहेबांनी भोवती पाहिलं. वाचक जमले होते. "निघाली," ते म्हणाले. "आणि मग तिला पश्चात्ताप झाला."

"तिला? अवो, ढकललं दिवाणानं आन् पच्चाताप तिला?"

"असंच असतंय ते," मागून कोणी बाई म्हणाली आणि हशा पिकला.

आण्णासाहेब ताठ मानेनं अनवाणी निघाले. सोलापूरच्या एप्रिलातली शहाबादी फरशी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तीन पावलं गेले, पाच पावलांत परतले. (दोन हवेत पडली.) पुन्हा प्रयत्न झाला. सिद्धाप्पा म्हणाला, "साहेब, तक्ता बघा की. अनवाण्याला कंचं पुस्तक?" तक्त्यात अनवाण्याची सोय नव्हती.

शेवटी घरी निरोप गेला. आण्णासाहेबांच्या पत्नी मथुराबाई स्वतःच तिसरा भाग घेऊन आल्या. पुस्तकाला मोहरीचा आणि हिंगाचा वास येत होता. "लोणच्याच्या बरणीला झाकण म्हणून फार बेस बसायचं," त्या म्हणाल्या. "मी वाचलंय तीनदा. सांगू का गं?"

"तुमी नगा, आक्का," चंद्रव्वा म्हणाली. "ज्यानं नेलं त्यानंच."

तेव्हा आण्णासाहेब कडबगावकर लिंबाखाली बसले आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक पुस्तक उघडलं. सुरुवातीला घोगऱ्या आवाजात, मग बऱ्यापैकी, आणि दिवाण दोर कापायला येतो तिथं तर उभं राहून. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं थांबत गेली. तेलकट पानं चिकटली होती, ती मथुराबाई सोडवून देत. मोजली तेव्हा माणसं तीनशे अकरा भरली. साडेपाचला पुस्तक संपलं. चंद्रव्वानं पदरानं डोळे पुसले, तोच पदर वहाणांवरून फिरवला आणि त्या पुढं ठेवल्या. आण्णासाहेब उठले नाहीत. "यात चौथा भाग नाही का?" त्यांनी विचारलं.

१९३२ चा अहवाल म्हणतो : 'चिटणिसांच्या कल्पकतेनं सुरू झालेल्या उघड्यावरील वाचनास ३११ श्रोते लाभले.' चंद्रव्वाच्या रजेचा ठराव तूर्त तहकूब झाला आणि अजून तहकूब आहे. मॅट्रिक परीक्षक रुजू व्हायला आला, लिंबाखाली बूट काढून आत गेला. बाहेर आल्यावर चंद्रव्वानं त्याला गोष्ट विचारली. तो तिथंच बसून वाचतो आहे.

आता राजकन्या निघाली का बुडाली, हे तुम्हाला हवं असणार. मी लिहिलंही होतं. पण छापण्याआधी हा मजकूर चंद्रव्वाला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "त्यास्नी फुकट सांगतायसा? त्यांचं पायताण कुटं हाय?"

आणि मी अनुमोदन दिलं.

तेव्हा वहाणा काढा. मागल्या खेपेस जे पुस्तक वाचलंत, कपाटात लावलेलं नव्हे, वाचलेलं, त्याची गोष्ट सांगा. सावकाश आठवा. तोवर इकडे सावलीत या, फरशी तापली आहे.